टाकीवाली

आधी तो नळ बंद कर, धनू, आणि मग ये अशी माझ्याजवळ. तुमच्या बेलव्ह्यूला आभाळातून सारखं पाणी पडतं म्हणून काय झालं? दिवाळीत आली होतीस तेव्हा एक वाटी विसळायला बादलीभर पाणी सोडलंस. मी मागून येऊन नळ बंद केला तर म्हणालीस, "मावशी, कम ऑन यार, इथे काय पाणी भरायला जायचंय का?" मी तेव्हा गप्प बसले, तुझ्या फ्लाइटची वेळ झाली होती. गाल फुगवू नकोस, रागावून नाही सांगत. पण त्या बोलण्याला उत्तर द्यायचं तर मला एक सबंध बाई सांगावी लागेल, आणि ती काही एअरपोर्टच्या वाटेवर सांगून होणारी नाही. म्हणून लिहिते. मी बोलते तसंच लिहिणार. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं पेपर आणि लायब्ररीच्या पुस्तकांवर भागवलंय. चुकेल तिथे मनातल्या मनात दुरुस्त करून वाच.

तिचं नाव मी सांगणार नाही. विसरले म्हणून नव्हे. का ते पुढे येईलच. तिच्या लोकांचं, जमातीचं नावही लिहीत नाही, कारण वस्ती इतकी लहान की लगेच ओळखतील. आपण तिला टाकीवाली म्हणू.

तुझे काका दोन हजार एक साली गेले, सांगलीला. वर्षश्राद्ध झालं आणि माझा अमोल मला इकडे अमेरिकेत, ह्या वाळवंटातल्या चँडलरला घेऊन आला. त्याच्या चिपच्या कंपनीत चार-पाच मराठी मुलं. त्यांनी ठरवलं की वीकेंडला नुसतं बार्बेक्यू करण्यापेक्षा काहीतरी बरं काम करावं. त्यात पराग म्हणून नागपूरचा एक. त्याला कळलं की इथून साडेचार तासांवर रिझर्व्हेशन आहे, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासींचा राखीव मुलूख, आणि तिथे म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण देणारं एक केंद्र आहे. वीज पोचलेली नाही, जनरेटरवर चालतं. तर तिथे सोलर बसवायचं. मी म्हटलं, मीही येते, तुमचे डबे करते. खरं सांगू? मला घरात एकटीला बसवत नव्हतं. भर दिवसा मागच्या खोलीतून ह्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा. हे काही कधी अमेरिकेत आले नव्हते गं. पण खोकला आला होता.

तर आम्ही गेलो. डांबरी रस्ता संपला, मग लाल माती, मग नुसतीच चाकोरी. शेवटी लांबोडकी, पत्र्याच्या छपराची इमारत दिसली. पुढे हिरवी टाकी आणि टाकीला कान लावून उभी असलेली एक बाई. ठेंगणी, रुंद, साठीची असेल. पांढऱ्या केसांचा अंबाडा लोकरीच्या दोऱ्याने करकचून बांधलेला, अंगात पुरुषी चौकड्यांचा शर्ट. हातात पेन्सिल होती, तिच्या मागच्या टोकाने ती टाकीवर खालून वर टकटक करत चालली होती. आवाज बदलला तिथे थांबली, टाकीवर एक रेघ मारली, पेन्सिल कानावर खोचली आणि आमच्याकडे वळून पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"सगळे एकदम उतरू नका. बाथरूमला किती जणांना जायचंय ते आधी सांगा."

पाचही इंजिनिअरांनी माना खाली घातल्या. मी एकटीनेच हात वर केला. ती हसली. दात बारीक, हसली की डोळे मिटायचेच.

त्या रेघेवर तिथला दिवस ठरायचा. रेघ वर असली तर मटणाचं सूप, खाली असली तर तव्यावरची जाड रोटी आणि भाजलेलं मटण. पाणी ती स्वतः पिकअपमध्ये ड्रम टाकून आणायची, जायला तास, यायला तास. तसं हाकेच्या अंतरावर पवनचक्कीची विहीर होती, पाणी बघावं तर नितळ. पण विहिरीवर पाटी होती: पिऊ नका. डोंगरातल्या जुन्या खाणीचं विष त्यात उतरलेलं. "पाटी छान आहे," ती म्हणायची, "मेंढ्यांना वाचून कोण दाखवणार तेवढंच राहिलंय."

आम्ही दोघी इंग्रजीतच बोलायचो. माझं इंग्रजी कसं ते तुला माहीत आहे. तिचं माझ्याहून खूप चांगलं, पण लहानपणी सरकारी शाळेत आपली भाषा तोंडातून निघाली की छडी बसायची, असं करून शिकलेलं. त्यामुळे ती इंग्रजी शब्द जपून वापरायची, पाण्यासारखेच. बोटाने काही दाखवायची नाही. ओठांचा चंबू करून ज्या दिशेला वळवेल, वस्तू त्या दिशेला आहे असं समजायचं. परागला पहिले दोन दिवस वाटलं, बाई आपल्याला वेडावतायत.

अमोल आणि परागने लॅपटॉप उघडून तिला सगळं दाखवलं. रंगीत चित्रं, आलेख. तिने शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हे किती पाणी पितं?"

हा तिचा नेहमीचा प्रश्न. नवीन काहीही आलं, कुलर असो, कॉफीचं मशीन असो, कुणाची सून असो, प्रश्न हाच.

"सोलर पाणी पीत नाही, मॅम," पराग म्हणाला.

"धूळ कशाने पुसणार? तुझ्या शर्टाने?"

"ते... थोडं लागेल."

"आणि ह्या बॅटऱ्या?"

पराग घुटमळला. "त्यांना महिन्यातून एकदा घालावं लागतं. पण डिस्टिल्ड. म्हणजे एकदम शुद्ध."

ती मागे वळून म्हाताऱ्यांशी त्यांच्या भाषेत काही बोलली आणि सगळी खोली खदखदून हसली. मग मला म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, ही पोरं अशी जनावरं आणतायत जी आपल्यापेक्षा चांगलं पाणी पितात."

पॅनेल कुठे बसवायची त्यावरून तर अर्धा दिवस गेला. मुलांना छपरावर हवी होती, तिला जमिनीवर, कमरेच्या उंचीवर.

"काकू, तुम्ही समजवा ना त्यांना," पराग मला म्हणतो, "छपरावर अँगल परफेक्ट मिळतो, यार. इथे शेळ्या-मेंढ्या येऊन खाजवतील अंग."

तिने विचारलं, "छपरावर चढून पुसणार कोण?"

"आम्ही येऊ ना."

"कधी?"

"वीकेंडला."

"धूळ सोमवारी येते," ती म्हणाली.

पॅनेल जमिनीवर बसली. भोवती कुंपण झालं. दोन म्हाताऱ्या रोज सकाळी मेंढीच्या कातड्याच्या मऊ तुकड्याने ती कोरडीच पुसायच्या, गप्पा मारत मारत, नातवाचं तोंड पुसावं तशी. एक थेंब पाणी न लागता. पराग नंतर सगळ्यांना सांगायचा, ही आयडिया माझीच.

पण हे सगळं ती हौसेने करत नव्हती, धनू. तिच्या शर्टाच्या खिशात एक पत्र असायचं, घड्या घालून घालून मऊ झालेलं. सत्तर मैलांवरच्या गावातल्या सरकारी ऑफिसचं. जनरेटरचं तेल जमिनीत झिरपतंय, मागच्या खड्ड्यात तुम्ही कचरा जाळताय. वर्षभरात दोन्ही थांबवा, नाहीतर केंद्र बंद. केंद्र बंद म्हणजे चाळीस माणसांचं एक वेळचं गरम जेवण बंद. आणि ज्यांना घरी बघायला कोणी नाही त्यांची रवानगी गावातल्या वृद्धाश्रमात. तिच्या थोरल्या भावाला असंच नेलं होतं. सगळा जन्म मेंढ्यांमागे डोंगरात काढलेला माणूस, चार महिन्यांत संपला. हे मला सांगतानाही ती "माझा भाऊ अमका" असं म्हणाली नाही. "जो पवनचक्कीपाशी राहायचा तो," म्हणाली. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

आणि तिला सगळ्यात लागलं होतं ते हे, की ऑफिसवाले चूक नव्हते. "चूक असते तर मी भांडले असते. जन्मभर तेच केलंय," ती म्हणाली. "पण धूर आपलाच आहे ना."

सोलर आलं, हिवाळ्याच्या तोंडाला जनरेटर बंद झाला. राहिला खड्डा. त्यात जळायच्या त्या थर्माकोलच्या प्लेटा आणि वाट्या, रोज चाळीस माणसांच्या. काळा, चिकट धूर मेंढ्यांच्या वाड्यावरून जायचा आणि जेवून बसलेले म्हातारे खोकायचे. मी विचारलं, साध्या ताटल्या का नाही? तिने टाकीवरची रेघ दाखवली, ओठांनीच. चाळीस ताटल्या नळाखाली धुवायच्या तर प्यायला काय राहणार? पाणी वाचवावं तर धूर, धूर थांबवावा तर पाणी. पत्र आल्यापासून ती त्या पेचात बसली होती.

आता मी दुष्काळी जतची गं. तुझी आई तुला सांगत नाही, पण आमच्याकडे एका घागरीत चौदा माणसांची भांडी निघायची. उष्टं आधी पुसून काढायचं, कोरड्या राखेने खसखसा घासायचं, राख झटकायची, मग एका घंगाळात बुचकळायचं, दुसऱ्यात विसळायचं. मी तिच्या चुलीतली राख काढली, त्यांच्याकडच्या जुनिपर नावाच्या झाडाची, मऊ पिठासारखी. आणि तिची पातेली घासायला बसले. तर सगळ्या म्हाताऱ्या भोवती जमून पोट धरधरून हसायला लागल्या. मला कळेना काय झालं.

"ही राख आम्ही मक्याच्या लापशीत घालून खातो," टाकीवाली डोळे पुसत म्हणाली. "आणि तू भांडी घासतेस!"

"मग काय, पोटात जाऊन तिथलीही भांडी घासत असेल," मी म्हटलं.

घासायच्या आधी आणि नंतर तिने टाकी वाजवली. दोन रेघांमध्ये पेन्सिलीच्या जाडीएवढंही अंतर नव्हतं. ती त्या रेघांकडे किती वेळ बघत राहिली. मग शेवटी औषधाचे थेंब टाकलेल्या पाण्याचं तिसरं घंगाळ तिनेच वाढवलं, कारण ऑफिसचा नियम होता. आणि मी, मोठी दानशूर, म्हटलं की ताटं मी देणार.

सांगलीच्या आपल्या नेहमीच्या भांडेवाल्याकडून स्टीलची चाळीस ताटं घेतली, उंच काठाची. दोन ओळखीच्या कुटुंबांच्या बॅगांमधून ती इकडे आली. आणि दान द्यायचं तर नाव घालून द्यायचं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं का? भांडेवाल्याने फोनवर विचारलं, "वहिनी, नाव काय घालू?" मी सांगितलं: कैलासवासी अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. प्रत्येक ताटाच्या पाठीवर, बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत.

तीन आठवडे सगळे त्या ताटांत आनंदाने जेवले. खड्ड्याचा धूर बंद. मी तेव्हा तिथेच राहत होते, तिच्या घरी, भांड्यांची रीत बायकांच्या हाताला बसेपर्यंत.

तिथे एक टोपीवाले आजोबा यायचे. चांदीचे दागिने घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. जवळचं दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत. एक दिवस जेवण झाल्यावर त्यांनी ताट पालथं केलं, अंगठा फिरवला. शेजारच्याचं ताट घेतलं, त्यावरही फिरवला.

"हात चांगला आहे," ते म्हणाले. टाकीवालीने मला इंग्रजी करून सांगितलं. "सगळ्यांवर तेच लिहिलंय. काय आहे?"

मी ताठ बसून सांगितलं, "माझ्या मिस्टरांचं नाव. ते वारले. त्यांची आठवण राहावी म्हणून."

टाकीवालीने ते त्यांच्या भाषेत केलं नाही. पण दोघा-तिघांना इंग्रजी येत होतं.

आजोबांनी ताट खाली ठेवलं, जराही आवाज न करता. मग एकेक जण उठला. कुणी रागाने बघितलंही नाही. बाहेर पिकअपची दारं लागत गेल्याचा आवाज येत राहिला. आत मी, ती आणि चाळीस ताटं. उरलेल्या रश्शावर चरबीचा पांढरा थर धरायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली आणि त्यांनी थर्माकोल मागितला. मागचा खड्डा पुन्हा पेटला.

तिने मला बोल लावला नाही. खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, "आमच्यातली जुनी माणसं गेलेल्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला मागे वळून बघावं लागतं. त्याला लांब जायचं असतं." मग विचारलं, "तू घरी त्याचं नाव रोज घ्यायचीस?"

"छे! आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही."

"मग हाक कशी मारायचीस?"

"अहो म्हणायचे. म्हणजे... ऐका जरा, असंच काहीतरी."

"किती वर्षं?"

"एकोणचाळीस."

तिने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "म्हणजे जिवंत होता, हाक ऐकून येऊ शकत होता, तेव्हा एकदाही घेतलं नाहीस. आणि आता जायला निघालाय, तर चाळीस जागी लिहून ठेवलंस?" ती टोमणा मारत नव्हती गं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. "मग तो जाणार कधी?"

खोकल्याचं मी अमोललाही सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. ती दचकली नाही, हसलीही नाही. मान हलवली, सकाळी रेघ खाली दिसली की हलवायची तशी.

"ताटं परत घेऊन जा," ती म्हणाली. "तुझ्या माणसाचं नाव पुसायला सांगणारी मी कोण? मी दुसरं काहीतरी बघते."

दुसरं काही नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ऑफिसचा माणूस एप्रिलात यायचा होता. पुढचे दोन दिवस मी कोठीच्या खोलीत त्या ताटांपाशी बसून काढले. एकेक ताट घ्यायचं, पालथं करायचं, परत ठेवायचं. बाहेरून धुराचा वास यायचा आणि म्हाताऱ्यांचं खोकणं. कुठलं खोकणं कुणाचं, मला कळेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी मी उठून टोपीवाल्या आजोबांकडे गेले. "हे निघेल का?"

"निघेल," ते म्हणाले. "खोल नाही. पण चाक फिरवायला वीज लागेल."

परागला फोन केला. तो म्हणतो, "काकू, पॉलिशचं चाक? लोड जास्त होईल हो!" टाकीवालीने माझ्या हातातून फोन घेतला. "दुपारी बारा ते दोन. फ्रिज बंद ठेवते. चालेल का नाही, एवढंच सांग." चालणार होतं.

आधी त्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या रीतीचं काही केलं. ते मी लिहीत नाही. मला तिथे उभं राहू दिलं हेच पुष्कळ. मग आजोबांनी तोंडाला फडकं बांधलं आणि चाक सुरू झालं. ताट माझ्या हातातून त्यांच्या हातात, त्यांच्या हातातून तिच्या हातात. ठिपके उडायचे, स्टीलचा करपट वास यायचा आणि अक्षरांच्या जागी एक लखलखीत गोल राहायचा. माघ महिन्याची थंडी, वारा असा बोचरा, आणि दार सताड उघडं. मी म्हटलं, "दार लावू का, आजोबा कुडकुडतायत." तिने ओठ दाराकडे वळवले आणि मान हलवून नको म्हणाली. दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

दोन दुपारी लागल्या. शेवटचं ताट राहिलं तेव्हा माझा हात पुढे होईना. तिने पाहिलं. "एक ठेव. घरी ने."

"नको," मी म्हटलं. "घरी नेलं तर परत खोकतील."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो, इतक्या की आजोबांनी चाक थांबवलं. मग त्यांनी तेही घासून दिलं.

एप्रिलात ऑफिसचा माणूस आला. खड्डा मातीने बुजवलेला, जनरेटर ताडपत्रीखाली, घंगाळी उन्हात पालथी. त्याने सगळं लिहून घेतलं. जाता जाता एक ताट उलटं करून विचारलं, "प्रत्येकाच्या मागे हा चकचकीत गोल कसला?"

"तिथे काही नाही," ती म्हणाली.

केंद्र राहिलं. चाळीसातलं एकही माणूस गावात गेलं नाही. जे गेले ते आपापल्या घरातून गेले.

चँडलरच्या घरी आले तर मागची खोली गप्प होती. मला वाटलं होतं बरं वाटेल. बरं नाही वाटलं, धनू. कितीतरी दिवस मी दुपारची त्या खोलीत जाऊन उभी राहायचे, एखादा तरी येतो का म्हणून.

पुढची तीन-चार वर्षं मी जात-येत राहिले. मग तिच्या साखरेने डोकं वर काढलं. दोन हजार सातच्या सुमाराला किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, सत्तर मैल जा, सत्तर मैल ये. काही महिने स्वतः पिकअप चालवत गेली. मग डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. कुणालाच जिथे जाऊ दिलं नाही त्या वृद्धाश्रमात ती एका सोमवारी स्वतःच्या पायाने चालत गेली. मी फोनवर रडायला लागले तर म्हणाली, "केंद्रात मी एकटीच कमी झाले. टाकीला बरंच आहे."

मी तिला शेवटची पाहिली ती दोन हजार आठच्या फेब्रुवारीत, डायलिसिसच्या दवाखान्यात. अमोलने सोडलं मला. मोठ्या खोलीत रांगेने आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक मशीन, वर टीव्ही. ती टीव्ही बघत नव्हती. खुर्ची तिने तिरकी करून घेतली होती. मशीनच्या मागून एक पारदर्शक नळी भिंतीतल्या भोकाकडे गेली होती, तिच्यातून पाणी वाहत होतं, तिकडे ती बघत होती. हात सुजलेला, अंबाडा कुणीतरी दुसऱ्याने बांधलेला, सैल.

"विचारलंस का किती पाणी पितं हे?" मीच म्हटलं, तिला हसवायला.

"पहिल्याच दिवशी. चाळीस माणसांचा स्वयंपाक आणि ताटं होतील, एवढं मी एकटी एका बैठकीला पिते." हसली, पण डोळे मिटले नाहीत. "आणि गाळतानाच बरंचसं फेकून देतात. माझ्या अंगाजवळ येतसुद्धा नाही ते. स्वच्छ असतं. मी नर्सकडून ग्लासात घेऊन बघितलं."

"जातं कुठे?"

तिने ओठ भिंतीतल्या भोकाकडे वळवले. "गटारात. रोज तीन पाळ्या, ह्या सगळ्या खुर्च्या."

मग पांघरुणाखालून एक कागद काढला. पेन्सिलीने काढलेलं चित्र. दवाखान्याची मागची भिंत, तिच्यातून निघालेली नळी, एक टाकी, टाकीपासून उतार, उतारावर झाडांची रांग आणि शेवटी मेंढ्यांचं कुंड. झाडांमधलं अंतरसुद्धा लिहिलेलं.

"मॅनेजरला दाखवलंस?"

"तीनदा. नियम बघतो म्हणतो."

"अमोलला सांगते. तो चांगलं पत्र लिहील."

"लिहू दे," ती म्हणाली. "माझं नाव घालू नका त्यात."

"का गं?"

"ह्या कामाला वेळ लागेल," ती म्हणाली, आणि पुन्हा नळीकडे बघायला लागली.

मी तिचा चांगला हात धरून बसले. तिने येते, जाते असलं काही म्हटलं नाही. ती कधीच म्हणायची नाही. मशीनचा आवाज येत होता, नळीत पाणी चमकत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. दारापाशी जाऊन मी वळून पाहिलं तेव्हाही.

मे महिन्यात केंद्रातून फोन आला. आता तिथलं बघते ती मुलगी म्हणाली, "तुमच्याजवळ बसायची ती, ती आता नाही." एवढंच. मीही नाव घेतलं नाही. माझ्याकडे तिचा फोटोही नाही. कधी काढू दिलाच नाही तिने. म्हणायची, तू भिंतीवर लावशील, ओळखते मी तुला. म्हणून हे असं लिहून ठेवलंय. ह्याने तिला मागे वळावं लागत असेल का, ही धास्ती मला प्रत्येक ओळीला आहे. उन्हाच्या वेळी चँडलरमधल्या हिरवळींवर फवारे उडताना दिसले की रस्त्याच्या पलीकडे कुणीतरी ठेंगणं उभं असल्यासारखं वाटतं. मी मुद्दाम तिकडे बघत नाही. जाऊ दे तिला.

पण त्या पत्राचं काही झालं नाही गं. अमोलने लिहिलं, उत्तर आलं की विचार चालू आहे. मग त्याचा प्रोजेक्ट सुरू झाला, पराग नोकरी बदलून गेला. मी स्वतः दोनदा जाऊन आले, पण माझं इंग्रजी त्या मॅनेजरच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत संपतं. तुझं नाही संपत. तू भांडतेसही छान, आईशी भांडतेस ते ऐकलंय मी. तो कागद माझ्याकडे आहे. आपण दोघी जाऊ, तू गाडी चालव, डबा मी करते. आधी केंद्रात जेवू, मग दवाखान्यात. तिथे तिचं नाव मात्र कुणाला विचारू नकोस.

सुट्टी मिळेल तेव्हा येते म्हणू नकोस. सुट्टी काढ. तीन पाळ्यांत ते पाणी आजही जातंय, तू हे वाचतेस तेवढ्या वेळातसुद्धा. ये गं, लवकर ये.